डी-सात, डी-आठ

हिडकलच्या पाण्यावरचा बसलिंग अंबिगेर
टेम्पोत घालून होडीच घेऊन आला उद्यमबागला,
आमच्या शेडच्या दारात. अ‍ॅल्युमिनियमची, चौदा फुटी,
एका अंगाला पोचा आलेली,
आत माशांचे खवले वाळून चिकटलेले, नखांसारखे.
"कंबर होय्तु, मिस्त्री," म्हणाला.
वीस वर्षं आडव्या बाकावर बसून
डावीकडे जाळं, उजवीकडे जाळं,
वळायचं ते सगळं कमरेतनंच.
"बाक काय वळत नाही. खुर्ची तरी वळू दे की."

खुर्च्या त्यानंच आणलेल्या, दोन,
बंद पडलेल्या टॉकीजच्या, भंगारवाल्याकडनं,
किलोवर घेतलेल्या. पाठीला पत्र्याचे बिल्ले:
डी-७, डी-८.
रेक्झिन फाटलेलं, स्पंजात अजून
कुणीतरी अंधारात खाल्लेल्या शेंगांची टरफलं.

मी बाकावर टिचकी मारली. पोकळ वाजला.
आत थर्माकोल, वर दोन मिलीचा पत्रा.
त्यात थेट बोल्ट आवळला आणि हा गडी मागं रेलला
तर डब्याचं झाकण उघडावं तसा बाक उघडायचा.
खालनं जाड प्लेट द्यायला हवी, सहा मिलीची,
म्हणजे भार एका भोकावर येत नाही.
हे मी त्याला मराठीत सांगितलं,
त्यानं भावाला कन्नडात.
खुर्चीची कुर्ची झाली. बोल्ट तेवढा
दोन्हीकडं बोल्टच राहिला.

आधी बारीक बिट, मग आठचं.
रॉकेलचा थेंब सोडत राहायचं, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम
बिटाला गुळासारखं धरतं.
कीस पडला तळात, खवल्यांत मिसळला,
झाडताना कळेना
मासा कुठला आणि पत्रा कुठला.
दुसऱ्या भोकाला लाइट गेली.
चहा झाला. तिसऱ्याला आली.

बोल्ट स्टेनलेसचे. पण आमचे वस्ताद तवनाप्पा
सोळाव्या वर्षी माझा कान धरून सांगायचे,
दोन धातू उघड्या अंगानं एकमेकांना टेकले
आणि त्यावर पाणी पडलं
की मऊ असेल तो झिजतो. आवाज होत नाही.
पाचव्या वर्षी नुसती पांढरी पावडर दिसते.
मध्ये काहीतरी घाल, दोघांचंही नसलेलं.
मी सायकलची जुनी ट्यूब काढली
आणि चकत्या कापत बसलो.

पाइप पंधरा इंची. बसलिंग बसून बघतो तर
दिसला अगदी फौजदार.
"इथं दिसलास तेवढं बास," मी म्हटलं,
"पाण्यात एवढ्या उंच बसलास तर होडी
तुला खाली घालून वर बसेल."
आठ इंच कापले. दुसरा पाइपही
तेवढाच कापला, न विचारता.
भाऊ बसणार असेल, असं मी धरून चाललेलो.

तेव्हा टेम्पोच्या केबिनमधनं निंगव्वा उतरली,
वल्ही मारून मारून दंड घणकऱ्यासारखे.
कुणी बोलावलं नव्हतं.
होडीत चढली, डी-८ वर बसली.
पाय तळाला पोचेनात.
बोलली काही नाही. पाय हलवले दोनदा, लोंबते,
मग टाचेनं बाकाला रेटा दिला
आणि फिरली: लेथ, ग्राइंडर, फाटक, रस्ता,
बसलिंग, मी, पुन्हा लेथ.
"साकु?" बसलिंगनं विचारलं.
तिनं आणखी एक फेरी घेतली.

पाइप परत बाहेर काढला. अजून तीन इंच.
वल्हवणाऱ्याचे पाय टेकायला हवेत,
हे आधी मोजायला हवं होतं,
टेप माझ्याच खिशात होता.
खुर्ची भलत्या वेळी फिरू नये म्हणून
तिच्या पाइपाला एक खिट्टीही केली,
त्याचे पैसे लावले नाहीत.

संध्याकाळी होडी परत टेम्पोत चढवताना
विचारलं, हे बिल्ले काढून टाकू का,
गंजतील.
"ऱ्हाऊ दे," निंगव्वा म्हणाली,
दिवसभरात पहिल्यांदाच मराठीत,
"नंबर असला की कुणी उठवत नाही."